तुमचा टँक, तुमचे प्रश्न : तोंडात मावतो तो मासा टिकत नाही

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे होते, मोठा मासा लहान माशाला खातोय, नाहीतर छळतोय, नाहीतर लहान मासे नुसतेच गायब होतायत. म्हणून पाणी हिरवं होणं, हीटर किती वॅटचा घ्यावा वगैरे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हा अंक सगळा या एकाच विषयाला दिलाय. ज्यांची उत्तरं राहिली त्यांनी रागावू नका, नंबर येईल.

प्रश्न : ताई, माझा ३ फुटी प्लांटेड टँक आहे. मार्चमध्ये १२ निऑन टेट्रा आणि ३ एंजल एकदमच आणले, तेव्हा एंजल रुपयाच्या नाण्याएवढे होते. सगळं मस्त चालू होतं. गणपतीनंतर निऑन कमी व्हायला लागले, आता ५ राहिलेत. मेलेला एकपण दिसला नाही. फिल्टर उघडून बघितला, त्यातपण नाही. जातात कुठे? (नाशिकहून एक वाचक)

एंजलच्या पोटात जातायत. वाईट वाटेल ऐकून, पण तुम्ही दिलेला हिशोबच ते सांगतोय, मार्च ते गणपती म्हणजे सहा महिने झाले, आणि सहा महिन्यांत नाण्याएवढा एंजल तळहाताएवढा होतो. पूर्ण वाढलेला एंजल १५ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि निऑन कितीही खाऊ घातला तरी ३-४ सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. मार्चमध्ये दोघं एकमेकांच्या मापाचे होते म्हणून शांतता होती. शांतता स्वभावाची नव्हती, मापाची होती, आणि माप बदललं तसं सगळं बदललं.

एंजल दिसायला इतका नाजूक की त्याला शिकारी म्हणायला जीभ धजत नाही, मलापण सुरुवातीला पटलं नव्हतं. पण तो सिक्लिडच आहे, म्हणजे ऑस्कर नावाच्या मोठ्या शिकारी माशाच्याच घराण्यातला. अ‍ॅमेझॉनच्या पाण्यात झाडांची मुळं आणि बुडालेल्या फांद्यांच्या मधे तो उभा राहतो, अंग चपटं आणि त्यावर उभे पट्टे, त्यामुळे समोरून तो दिसतच नाही, आणि छोटे टेट्रा जवळनं गेले की झटकन पुढे येऊन ओढून घेतो. निऑनपण त्याच खोऱ्यातला मासा. म्हणजे तुमच्या टँकमध्ये जे झालं ते तिकडच्या नदीत रोजच होतं, फरक एवढाच की नदीत पळायला जागा असते आणि तुमच्याकडे तीन फूट काच आहे.

प्रेत का दिसत नाही, तर शिकार बहुतेक रात्री नाहीतर पहाटे होते. लाइट गेला की निऑन रंग सोडतात, फिके पडतात, झाडांत खाली थांबतात आणि अर्धवट झोपेत असतात. एंजल अख्खा मासा गिळतो, चावून तुकडे करत नाही, त्यामुळे मागे काही उरत नाही. एकदा सकाळी लाइट लावायच्या आधी टॉर्च मारून एंजलचं पोट बघा, ज्या दिवशी निऑन कमी होतो त्या दिवशी ते फुगलेलं दिसेल आणि सकाळच्या खाण्याकडे तो फारसा येणार नाही.

पण एक गोष्ट तपासल्याशिवाय सगळा दोष एंजलवर टाकू नका. निऑनला स्वतःचा एक रोग होतो, त्यात निळ्या पट्ट्यावर पांढरट डाग येतात, अंग वाकडं व्हायला लागतं, मासा झुंड सोडून एकटा फिरतो आणि मरतो, आणि मेलेला मासा बाकीचे आणि गोगलगायी मिळून रात्रीत संपवतात, तेव्हापण प्रेत दिसत नाही. म्हणून उरलेले ५ नीट बघा. ते जर चकचकीत, टवटवीत, एकत्र फिरणारे असतील आणि रात्रीतून एकच एक कमी होत असेल तर शिकार. त्यातले एकदोन फिके, डाग पडलेले असतील तर रोग, मग आजारी मासा लगेच वेगळा काढा, एंजलला खाऊ देऊ नका.

आता काय करायचं. ५ निऑन काढा, आजच काढा, दोन फुटी छोटा टँक नाहीतर प्लास्टिकचा टब आणि एक स्पंज फिल्टर पुरतो. तसंही या दोघांचं तापमान जुळत नाही, एंजलला २६-२८ डिग्री लागतं आणि निऑनला २२-२५ मध्ये बरं वाटतं, म्हणजे निऑन आधीच दमलेले असतात. एंजलसोबत झुंड हवीच असेल तर काँगो टेट्रा घ्या, ८ सेंटीमीटरचा मासा, अंगानं भरलेला, तो गिळला जात नाही. रमीनोज टेट्रा थोडा धोक्याचा पण पूर्ण वाढलेला घेतला तर बऱ्याच जणांकडे राहतो. ब्लॅक स्कर्ट टेट्रा मापानं ठीक आहे पण तोच कधी कधी एंजलचे पर कुरतडतो, म्हणून तो सांगत नाही.

आणि तीन एंजलमध्ये जोडी जमली तर फिल्टरच्या पाइपवर नाहीतर रुंद पानावर अंडी घालतील, मग ते दोघं मिळून तिसऱ्याला आणि बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडतील. ती शिकार नसते, ते घर सांभाळणं असतं, पण कोपऱ्यातल्या माशाला त्यानं काही फरक पडत नाही. डिव्हायडरची एक काच आत्ताच कापून आणून ठेवा.

प्रश्न : मॅडम, २ टायगर ऑस्कर घेतले होते, २-२ इंचाचे, अडीच फुटी टाकीत मॉली, दोन शार्क आणि एक सकर होता त्यातच सोडले. दुकानदार म्हणाला काही होत नाही, मासा टाकीच्या मापानंच वाढतो. आता ऑस्कर ७ इंचाचे झालेत, मॉली संपल्या. सासरे म्हणतात त्याला जिवंत मासेच लागतात, दर रविवारी पिशवीभर छोटे गोल्डफिश आणतात. मला ते बघवत नाही. खरंच जिवंतच लागतात का? (साताऱ्याहून एक वाचक)

नाही लागत. तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे आणि सासऱ्यांना पटेल असं कारणपण माझ्याकडे आहे, ते माशांच्या कीवेचं नाही, ऑस्करच्याच तब्येतीचं आहे.

गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. दर आठवड्याला तेच पोटात गेलं की ऑस्करला बी-१ मिळत नाही, मग हळूहळू तो मरगळतो, पोहण्यातला तोल जातो. दुसरं म्हणजे हे पिशवीतले मासे कुठल्या अवस्थेत वाढलेले असतात ते बघा कधीतरी, एका टबात शेकड्यानं कोंबलेले, अंगावर पांढरे ठिपके, आत जंत, आणि ते सगळं तुम्ही पैसे देऊन आपल्या ऑस्करच्या पोटात घालताय. सासऱ्यांना म्हणा, आपण कुणाला बाजारातलं शिळं खाऊ घालतो का, तसंच हे आहे. ते प्रेमानंच आणतात हे मला कळतंय, रविवारची पिशवी हा त्यांचा आनंद असणार, तर तो आनंद काढून घेऊ नका, बदला. रविवारी त्यांना कोलंबी आणायला सांगा, ताजी, सोललेली, मीठ-हळद काहीही न लावलेली, बारीक तुकडे करून, आणि ती त्यांच्याच हातनं द्यायला लावा. ऑस्कर माणूस ओळखतो, हातातनं खातो, काचेपाशी येऊन वाट बघतो, महिनाभरात सासरे गोल्डफिश विसरतील.

बाकी सहा दिवस पेलेट, म्हणजे माशांच्या तयार खाण्याच्या गोळ्या. मोठ्या सिक्लिडचे तरंगणारे पेलेट मिळतात ते मुख्य जेवण, अधूनमधून शेणखत-औषध न मारलेल्या मातीतलं गांडूळ, उकडून साल काढलेला मटार. चिकन, मटण नको, जमिनीवरच्या प्राण्याची चरबी माशाला पचत नाही. आता तुमचा ऑस्कर जिवंताला सोकावलाय म्हणून तो पहिले दोन-तीन दिवस पेलेट तोंडात घेऊन थुंकेल, रुसून तळाला पडेल, अगदी आडवासुद्धा होईल. घाबरू नका आणि हारपण मानू नका, ७ इंचाचा निरोगी ऑस्कर आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. न खाल्लेले पेलेट मात्र लगेच जाळीनं काढा.

आता टाकीच्या मापाचं. मासा टाकीच्या मापानं वाढतो हे वाक्य मी लहानपणापासनं ऐकतेय, क्रॉफर्ड मार्केटला बाबांबरोबर जायचे तेव्हापण ऐकलं, कुर्ल्याला रविवारी आजही ऐकू येतं, आणि ते खोटं आहे. छोट्या टाकीत होतं असं की पाणी सतत घाण राहतं, माशाची वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो आणि जो मासा १०-१५ वर्षं जगायचा तो दोन-तीन वर्षांत जातो. त्याला मापानं वाढला असं म्हणत नाहीत. ऑस्कर पहिल्या वर्षात महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतो आणि १२ इंचांवर जाऊन थांबतो. तुमची अडीच फुटी टाकी म्हणजे साधारण ११० लिटर पाणी, दोन ऑस्करांना कमीत कमी ४ बाय २ बाय २ फूट लागते, ती साडेचारशे लिटर. नुसतं पाणीच साडेचारशे किलो होतं, वर काच, स्टँड, दगड, म्हणून फ्लॅट असेल तर बीमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मध्यावर नको. हा मासा खातो खूप आणि घाण करतो त्याहून जास्त, मांसाहारी माशाच्या विष्ठेतनं अमोनिया जास्त तयार होतो, त्यामुळे फिल्टर दुप्पट क्षमतेचा घ्या आणि आठवड्याला तीस-चाळीस टक्के पाणी बदला, कंटाळा करून चालत नाही.

सोबती कोण, तर खरं सांगायचं तर चार फुटीत दोन ऑस्कर आणि तुमचा तो सकर, बास. सहा फुटी कधी जमली तर सिल्व्हर डॉलर सहाजण, तो मासा ताटलीसारखा गोल आणि उंच असतो, १५ सेंटीमीटर होतो, ऑस्करच्या तोंडात बसत नाही आणि वेगानं पळतो. छोटे खालचे मासे, कॉरी वगैरे, चुकूनही नको. हे जरा सविस्तर सांगते कारण यात दोन्ही मासे जातात. कॉरीच्या पाठीला आणि कल्ल्याजवळ काटे असतात, भीती वाटली की तो ते ताठ करून लॉक करतो, ऑस्करनं गिळायला घेतला की काटे घशात रुततात, आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. माझ्याकडे झालंय हे. रात्री अकराला बघितलं तर ऑस्कर तोंड वासून तळाला पडलेला आणि त्याच्या तोंडातनं कॉरीची शेपटी बाहेर. ओल्या टॉवेलमध्ये ऑस्करला धरून नेलकटरनं काटे तोडले तेव्हा सुटला. ऑस्कर वाचला, कॉरी गेला, आणि चूक त्या दोघांचीही नव्हती, एकत्र मी ठेवले होते. तेव्हापासनं मासा विकत घेताना मी तो आज केवढा आहे हे बघतच नाही, दोन वर्षांनी केवढा होणार आणि त्याचं तोंड केवढं उघडणार एवढंच विचारते.

तुमच्या दोन शार्कबद्दल खाली एक वेगळा प्रश्न आलाय, तो वाचा.

प्रश्न : टायगर बार्ब ४ आहेत, एंजलपेक्षा लहान आहेत, तरी एंजलचे खालचे दोरे (पोटाखालचे दोऱ्यासारखे लांब पर) तोडून टाकले. लहान मासा मोठ्याला कसा काय त्रास देतो? (कोल्हापूर)

देतो, चांगलाच देतो. तोंडात मावणं हा एक हिशोब झाला, कुरतडणं हा दुसरा, आणि दुसऱ्यात माप उपयोगाचं नाही. केरळच्या नद्यांतला तो मटारएवढा पफर असतो ना, पी पफर, पूर्ण वाढून अडीच सेंटीमीटर, तोसुद्धा गप्पीच्या शेपटीची चाळण करतो. टायगर बार्ब झुंडीत एकमेकांशी मस्ती करून आपला नंबर ठरवतात, चारच असले की मस्ती बाहेर वळते आणि लांब, सावकाश हलणारे पर दिसले की तिकडेच जातात. झुंड १० करा, निम्मा त्रास कमी होईल, पण एंजल, फायटर आणि लांब शेपटीचे गप्पी तरीही त्यांच्याबरोबर नको. एंजलचे दोरे मुळापासनं गेले नसतील तर परत येतात, फक्त पाणी स्वच्छ ठेवा आणि कापूस चढल्यासारखं दिसलं तर वेगळं काढा.

प्रश्न : ठाण्याला राहतो. दुकानातनं मिक्स आफ्रिकन सिक्लिड म्हणून ८ मासे आणले. त्यातला एक पांढरट, अंगावर मोठे तपकिरी डाग असलेला, सारखा वाळूवर आडवा पडतो, मेल्यासारखा. ढोसलं की पळतो. मिथिलीन ब्लू टाकलं, मीठ टाकलं, काही फरक नाही. बरं त्याच टाकीत गप्पीची पिल्लं होती ती दिसत नाहीत. काय आजार असेल?

तुमचा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला, कारण बहुतेक तुमचा मासा आजारी नाहीये, तो त्याचं काम करतोय! वर्णनावरून हा लिव्हिंगस्टोनी वाटतो, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला. हा मासा तळाला आडवा पडतो, अंगावरचे डाग कुजलेल्या माशासारखे दिसतात, छोटे मासे मेलेलं खायला मिळालं म्हणून टोचायला जवळ येतात आणि हा पडल्यापडल्याच झडप घालतो. तिकडचे कोळी लोक त्याला कालिगोनो म्हणजे झोपणारा म्हणतात. मॅके नावाच्या संशोधकानं सरोवरात उतरून हे बघितलं आणि १९८१ साली त्यावर लिहिलं. जगात फार थोड्या माशांची शिकारीची ही पद्धत आहे आणि ती तुमच्या ठाण्यातल्या हॉलमध्ये चालू आहे, मी तुमच्या जागी असते तर खुर्ची ओढून समोर बसले असते.

आजार आणि हे यातला फरक असा, हा मासा आडवा असताना कल्ले शांत हलतात, डोळा फिरत असतो, खायला टाकलं की उठून सगळ्यांत पुढे येतो, आणि पडायला तो मोकळी वाळूच निवडतो. आजारी मासा धापा टाकतो, पाण्यात तरंगतानाही कलतो, खात नाही, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येते. तुमचा खातोय ना? मग औषधं बंद करा, निळं पाणी दोन-तीन वेळा थोडं थोडं बदलून काढा, मिथिलीन ब्लूनं फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात, त्यामुळे पुढचे दोन आठवडे अमोनिया तपासत राहा आणि खाणं निम्मं करा.

गप्पीची पिल्लं गेली ती यानंच खाल्ली, मोठे गप्पीपण जातील. हा मासा २५ सेंटीमीटरच्या आसपास होतो. त्याच्याबरोबर मलावीचेच अंगापिंडानं दणकट मासे ठेवा, आणि मिक्स म्हणून आणलेल्या बाकीच्या सातांत कोण कोण आहे ते फोटो काढून जाणकाराला दाखवून घ्या, मिक्स हा शब्दच मला आवडत नाही, काय घेतोय हे न सांगता विकायचा तो प्रकार आहे.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे, संगमेश्वरजवळ राहतो. आमच्या पऱ्यात (ओढ्यात) मला मरळीचं पिल्लू मिळालं, बोटाएवढं आहे. आत्ता बादलीत ठेवलंय. माझ्याकडे गप्पी आहेत, त्यांच्यात सोडू का? आई म्हणते नको.

आईचं ऐक रे बाळा. आणि सोडायच्या आधी विचारलंस हे फार छान केलंस, मोठी माणसं सोडून झाल्यावर विचारतात.

बोटाएवढं असलं तरी मरळ ती मरळच, गप्पी तिला चण्या-फुटाण्यासारखे. आठ दिवसांत तुझा टब रिकामा होईल, आणि वर्षभरात ती हातभर होईल तेव्हा तिला टबही पुरणार नाही. दुसरं असं की मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते, आपल्यासारखी, म्हणून ती बादलीतपण सतत वर येताना दिसत असेल. वर यायला जागा नाही मिळाली तर ती पाण्यातसुद्धा गुदमरते, आणि जागा दिली की उडी मारून बाहेर पडते. बादलीवर आत्ताच जाळी नाहीतर टोपली उपडी घाल.

तुझ्या गप्पींच्या पाण्यात ती अजून गेली नाहीये ना, मग जिथे पकडलीस तिथेच, त्याच पऱ्यात, सोडून ये. तीच जाळी, तोच मग गप्पींना वापरला असशील तर आधी सांग, कारण दुकानातनं आलेल्या गप्पींच्या पाण्यातला रोग पऱ्यातल्या माशांना लागू शकतो. आणि पुढच्या पावसात एक गोष्ट बघ, पाण्यावर नारिंगी-लालसर पिल्लांचा गोळाच्या गोळा फिरताना दिसला तर लांबनं बघ, ती मरळीची पिल्लं असतात आणि खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात, बेडूक जवळ आला तरी अंगावर धावून जातात. त्या गोळ्यात जाळी घालू नकोस. पहिल्या पावसात चढणीच्या माशांवर, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर येणाऱ्या माशांवर, तुमच्याकडे सगळे तुटून पडतात, त्यातल्या बहुतेक माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात, हे घरात मोठ्यांनापण सांग.

प्रश्न : शार्क घेतलाय, चंदेरी रंगाचा, ४ इंच. लहान मासे खाईल का? (डोंबिवली, आणि असेच अजून सहा जण)

तो शार्क नाहीये, तो पंगास आहे, मेकाँग नदीतला कॅटफिश, बाजारात बासा म्हणून ज्याचे तुकडे मिळतात तोच. एक मीटरच्या पुढे जातो. आज खाणार नाही, वाढला की तोंडात मावेल ते खाईल, पण त्याआधीच तो घाबरून काचेवर नाक आपटून घेईल, कारण तो झुंडीचा मासा आहे आणि त्याला धावायला नदी लागते. घरगुती टँकमध्ये तो ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदार परत घेत असेल तर द्या.

प्रश्न : नमस्कार. भावानं दोन वर्षांपूर्वी अ‍ॅलिगेटर गार आणला होता, तेव्हा पेन्सिलीएवढा. आता दोन फुटांच्या वर आहे, टाकीतले बाकी सगळे मासे त्यानं संपवले, वळताना त्याचं तोंड काचेला घासतं. भाऊ नोकरीला बाहेरगावी गेला. आम्ही सोलापूर जिल्ह्यात, उजनीच्या जवळ राहतो. घरचे म्हणतात पुण्याचं काम आहे, धरणात सोडून देऊ, मोकळा होईल बिचारा. सोडू का?

नका सोडू. हात जोडून सांगते, कृपा करून नका सोडू.

तुमच्या घरच्यांची भावना मला समजते, कोंडलेला जीव मोकळा करावा हे आपल्याकडे पुण्यच मानतात आणि माशाकडे रोज बघून तुमचाही जीव तुटत असणार. पण धरणात तो एकटा मोकळा होईल आणि बाकी सगळ्यांच्या जिवावर येईल. अ‍ॅलिगेटर गार उत्तर अमेरिकेतल्या नद्यांतला मासा, तिकडे दोन-अडीच मीटरपर्यंत वाढतो, कित्येक वर्षं जगतो, पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तरी वर येऊन हवा घेऊन टिकतो, त्याची अंडीसुद्धा विषारी असतात. आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या पिल्लांना असल्या शत्रूची सवयच नाही. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात एक अ‍ॅलिगेटर गार सापडला होता, तो काही अमेरिकेतनं पोहत आला नाही, कुणीतरी असाच मोकळा केला असणार.

आणि तुम्ही उजनीजवळ राहता म्हणजे तुम्हाला चिलापी मासा माहीत आहे. चिलापी आपली नाही, १९५२ साली आफ्रिकेतली ही जात भारतात आणली, आज धरणाधरणांत तीच. टाकीतला सकर मासा, काच साफ करतो म्हणून घेतलेला, मोठा झाल्यावर लोकांनी सोडून दिला, तो आता उजनीतपण सापडतो, त्याचं अंग खरखरीत चिलखतासारखं, जाळ्यात अडकला की जाळं फाटतं, आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. थाई मांगूर या बाहेरून आलेल्या माशावर सरकारनं २००० साली बंदी घातली ती याच कारणानं, तो पाण्यातलं दिसेल ते खातो. एक मासा सोडल्यानं काय होतंय असं प्रत्येकाला वाटतं, सकर सोडणाऱ्यांनापण तेच वाटलं होतं. भिगवणच्या बाजूला कोळी बांधवांची अख्खी घरं या पाण्यावर चालतात, पहाटे चारला होडी काढून जाळी ओढणाऱ्या माणसाच्या जाळ्यात आपल्या टाकीतला मासा जाऊ नये एवढं आपण नक्की करू शकतो. विहीर, शेततळं, गावचा तलाव, तिथेही नको, पुरात शेततळं फुटतं आणि पाणी शेवटी भीमेलाच जातं.

मग करायचं काय. भावाला फोन करा, मासा त्यानं आणलाय तर शोधायला त्यालाही लावा. पुण्या-मुंबईत मोठे मासे पाळणारे लोक आहेत, दहा-बारा फुटांच्या सिमेंटच्या टाक्या बांधलेले, त्यांच्यापर्यंत एखाद्या जुन्या मत्स्यालयवाल्यामार्फत पोचता येतं, दुकानात विकत घेणार का असं विचारू नका, फुकट देतो, चांगल्या घरी द्या, असं विचारा. ज्याच्याकडे द्याल त्याच्या टाकीचा फोटो आधी मागवा, त्यात अजून कुठले मासे आहेत ते बघा, त्याच्या तोंडात मावणारे असतील तर त्यालाही सांगा. मिळेपर्यंत जनावरांना पाणी प्यायला असतो तसा सिमेंटचा हौद, नाहीतर हजार लिटरची टाकी कापून, त्यात मोठा स्पंज फिल्टर आणि एअर पंप लावून ठेवा, पाणी खोल नसलं तरी चालेल, लांबी-रुंदी महत्त्वाची, त्याला वळता आलं पाहिजे. वर जड झाकण, विटा ठेवून, कारण हा मासा उडी मारतो. लाइट गेल्यावर बाकीच्या माशांसारखा तो लगेच गुदमरणार नाही, ती काळजी कमी. खायला आठवड्यातनं दोनदा माशाचे तुकडे, चिमट्यानं, हातानं अजिबात नाही, मुलांना तर हौदापाशी एकटं सोडू नका.

आणि कुठेच जागा नाही मिळाली, महिने गेले, मासा काचेला घासून घासून जखमी झाला, तर पशुवैद्याला बोलावून त्याला वेदना न होता संपवणं हा शेवटचा मार्ग आहे, लिहिताना मलाही जड जातंय, पण धरणात सोडण्यापेक्षा तो मार्ग बरा. त्या वेळेपर्यंत जाऊ नये म्हणून आधी हौदाचं बघा आणि हौदाची लांबी-रुंदी आणि माशाचा आत्ताचा फोटो मला पाठवा, जागा शोधायला मीपण माझ्या ओळखीच्या चार जणांना विचारते.